फुलांच्या सड्याला कुंपण नको, विळा हवा

भाद्रपद लागला की साताऱ्याहून यवतेश्वर घाटाने कासकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागते. पुण्या-मुंबईची मंडळी येतात, फुलांचे फोटो काढतात, रस्त्याकडेला भाजलेलं कणीस खातात आणि संध्याकाळी माघारी फिरतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. त्या दीड-दोन महिन्यांत घाटमाथ्यावरच्या गावांना चार पैसे मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

पाहुणा एक प्रश्न मात्र हमखास विचारतो : "ही एवढी फुलं लावली कोणी?" आपण हसतो आणि सांगतो, कोणी नाही, देवाची करणी. हे उत्तर अर्धेच खरे आहे. फुले कोणी लावली नाहीत हे बरोबर. पण ती राखली माणसांनी आणि गुरांनी. हा दुसरा अर्धा भाग आपण विसरलो, आणि त्यामुळे पठार राखण्याच्या नावाखाली मध्यंतरी जे झाले त्याने फुलांचे भले झाले की नुकसान, असा वाद उभा राहिला. आज जिल्ह्यातल्या बाकीच्या सड्यांकडेही पर्यटक वळू लागले आहेत. तिथल्या सरपंचांनी, ग्रामसेवकांनी आणि वनसमित्यांनी हा विषय आताच समजून घेतलेला बरा.

आधी जमीन पाहू. कासचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे. खाली काळा पाषाण, त्यावर जांभ्याचा कातळ, आणि कातळावर माती म्हणाल तर कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे तीही नाही. पावसाळ्यात धो धो पाणी पडते. कातळामुळे ते लवकर खाली उतरत नाही, म्हणून खोलगट जागी माती महिनोन् महिने बुडालेली. होळीच्या सुमारास तीच माती तव्यासारखी तापते. मातीतला कस पावसाने कधीच धुऊन नेलेला. नत्र तुटपुंजे, स्फुरद तुटपुंजा, आणि माती आंबट. तलाठी अशा जमिनीला सात-बारावर पोटखराब लिहितो, आणि शेतकऱ्याच्या हिशेबानेही ती खराबच. नाचणी-वरीसुद्धा तिथे धड येत नाही.

आणि नेमक्या याच परिसरात ८५० च्या वर सपुष्प वनस्पतींची नोंद झालेली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ ठिकाणांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास आहे. वायतुरा नावाची पाण्यातली वनस्पती तर शास्त्रज्ञांच्या पुस्तकात साताऱ्याच्या नावानेच ओळखली जाते.

आता शेतकऱ्याला हे कोडे वाटेल. जमीन नापीक आणि पीक एवढे? पण कोड्याचे उत्तर आपल्याच बांधावर आहे. विहिरीजवळच्या कसदार तुकड्यावर मशागत सोडून द्या, दोन पावसाळ्यांत तिथे काय होते? हरळी नाहीतर असेच एखादे दांडगे गवत सगळी जागा बळकावते आणि दुसऱ्या कशाला डोके वर काढू देत नाही. कस असला की बळकट माजतो. कस नसला की दांडग्याला दांडगाई करायला बळच राहात नाही. मग नाजूक, ठेंगण्या, दोन महिन्यांत जन्मून बी टाकून मरणाऱ्या शेकडो जातींना जागा मिळते. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, दवबिंदू, नीलिमा ही सगळी त्या मोकळ्या जागेची लेकरं. सीतेची आसवं आणि दवबिंदू तर मातीत नत्र मिळत नाही म्हणून बारीक किडे पकडून खातात. जमिनीच्या गरिबीचा याहून चांगला पुरावा कृषी खात्याच्या प्रयोगशाळेतही मिळायचा नाही.

ही गोष्ट फक्त सह्याद्रीची नाही. दवबिंदूची आणि सीतेच्या आसवांची भावंडे युरोपात दलदलीच्या पीट मातीत उगवतात. पीट म्हणजे पाण्यात बुडून राहिल्यामुळे पुरते न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा हजारो वर्षांत साठलेला काळा थर. आयर्लंडमध्ये त्याच्या विटा कापून, वाळवून चुलीत जाळत आले. आपल्या देशात निलगिरीच्या उंच खोलगट भागांत असा थर सापडतो. आपले शेतकरी रोपवाटिकेत कोकोपीट वापरतात ते नारळाच्या काथ्याचे. नाव मात्र या मातीवरून पडले. पीट आणि आपला जांभ्याचा सडा यांची जात वेगळी. पण पाण्याने तुंबलेली, आंबट आणि भुकेली माती हे दोन्हींचे सारखेपण, म्हणून तिथली फुलेही अशीच कमी कसावर जगणारी. तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आपली फुलांची कुरणे कशी सांभाळली आणि कशी घालवली, हे पाहण्यासारखे आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सॉमरसेट परगण्यात सखल पीट जमिनीवर अशी कुरणे आहेत. तिथली जुनी रीत अगदी साधी. हिवाळा संपला की कुरण बंद करायचे, गुरे आत सोडायची नाहीत. गवत आणि फुले वाढू द्यायची. जुलैच्या सुमारास, बहुतेक फुलांचे बी धरले की, कुरण कापायचे, गवत वाळवून घरी न्यायचे. मग जे खुंट राहतात आणि जो नवा फुटवा येतो त्यावर गुरे सोडायची. खत नाही, नांगर नाही, बियाणे नाही. पिढ्यान् पिढ्या हेच. दर वर्षी गवताबरोबर थोडा कस बाहेर जातो, गुरांच्या खुरांनी माती जागोजाग उघडी पडते आणि त्या उघड्या चिमूटभर मातीत नवे बी रुजते.

मग खते आली. टॅडहॅम मूर नावाच्या अशाच पीटच्या कुरणावर १९८६ पासून शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. काही तुकड्यांना काहीच नाही, काहींना हेक्टरी २५ किलो नत्र, काहींना ५०, १०० आणि २०० किलोपर्यंत. बाकी कापणी आणि चराई सगळीकडे सारखी. निष्कर्ष असा की २५ किलोनेसुद्धा फुलझाडे मागे हटली आणि गवत पुढे सरकले. हेक्टरी २५ किलो नत्र म्हणजे किती? आपल्या ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा हिशेब केला तर एकरी जेमतेम अर्धी गोणी. उसाला आपण जेवढे टाकतो त्याच्यापुढे हे काहीच नाही. आणि खत थांबवले म्हणून फुले पुढच्या वर्षी परत येत नाहीत, त्याला वर्षे लागतात.

याहून जुना प्रयोग लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रावर १८५६ पासून आजतागायत चालू आहे. एकच गवताळ शेत, त्याचे तुकडे पाडलेले, प्रत्येकाला वेगळे खत. ज्या तुकड्यांना इतकी वर्षे कधीच खत मिळाले नाही, तिथे आजही तीस-चाळीस जातींच्या वनस्पती मिळतात. ज्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, त्यांतल्या काही तुकड्यांत दोन-तीन जाती उरल्या आहेत. खत दिलेल्या तुकड्यांचे वैरणीचे वजन जास्त भरते, हे सांगायला हवे. वैरण हवी असेल तर खत टाका, कोणी अडवत नाही. पण वैरण आणि फुले ही दोन पिके एकाच तुकड्यातून भरघोस मागू नका, एवढाच त्याचा अर्थ. इंग्लंड आणि वेल्समधली फुलांची जुनी कुरणे १९३० च्या दशकापासून १९८४ पर्यंत शेकडा ९७ नष्ट झाली, असा तिथला हिशेब आहे. आता ते लोक पैसे मोजून ती पुन्हा तयार करू पाहात आहेत.

पुन्हा तयार करताना काय करतात, तेही मजेशीर आहे. येलो रॅटल नावाची एक पिवळ्या फुलांची रानवनस्पती मुद्दाम पेरतात. ती गवताच्या मुळांत आपली मुळे घालून त्याचा रस पिते, गवत खुरटते, आणि बाकीच्या फुलांना जागा होते. ज्वारीत टारफुला पाहिलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही, कारण ही टारफुल्याच्याच कुळातली. आपल्याकडे जो शत्रू, तो तिकडे फुलांच्या कामावर ठेवलेला गडी! काही ठिकाणी तर कस कमी करण्यासाठी वरची सुपीक माती खरवडून काढतात. सुपीक माती काढून टाकायला पैसे मोजणारे लोक जगात आहेत, हे ऐकून आपल्या आजोबांनी कपाळाला हात लावला असता. पण सड्यावर जी गरिबी आपल्याला फुकट मिळाली आहे तिची किंमत यावरून कळावी.

पाण्याचीही एक गोष्ट सांगतो. पीट जमिनीत चर खोदून पाणी काढले की ती आकसते आणि हवेने जळत जाते. इंग्लंडमध्येच होम फेन येथे १८५१ साली लोखंडी खांब जमिनीत पुरून त्याचे टोक मातीच्या पातळीला आणले होते. आज तो खांब सुमारे चार मीटर वर उघडा आहे. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. सड्याची माती अशी जळत नाही, पण रस्ता रुंद करताना, वाहनतळ करताना किंवा चर मारताना पावसाच्या पाण्याची वाट बदलली, की वायतुऱ्याची डबकी आणि गेंदाचे ओलावे त्याच वर्षी कोरडे पडतात. बांधकामाच्या आराखड्यात हे कोणी पाहात नाही.

आता कासकडे येऊ. वारसास्थळाचा मान मिळाला, गर्दी वाढली, लोक फुले तुडवू लागले, त्यांत लोळून फोटो काढू लागले. ती गर्दी आवरण्यासाठी पठाराला तारेच्या जाळीचे कुंपण पडले. वनखात्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. माणसे आवरायला काहीतरी करणे भागच होते. पण कुंपण माणूस आणि म्हैस यांत फरक करीत नाही. पर्यटकाबरोबर गुरेही बाहेर राहिली, चराई थांबली. मग वर्षागणिक गवत उंच होऊ लागले आणि फुले विरळ दिसू लागली, असे गावकरी सांगू लागले आणि वनस्पतींचे अभ्यासकही बोलू लागले. अखेर कुंपण काढण्यात आले. बरे झाले.

जे झाले ते वर सांगितलेल्या दोन प्रयोगांशी ताडून पाहा. गवत कापले नाही, चरले नाही, तर ते जागीच वाळते, पडते, कुजते. त्याच्यातला कस जमिनीतच राहतो, आणि वाळल्या गवताची गादी बारीक बियांवर झाकण घालते. सीतेच्या आसवांचे बी राईच्या दाण्याहून कितीतरी लहान. ते त्या गादीखालून उगवणार कसे? शिवाय उभे वाळलेले गवत म्हणजे वणव्याला आमंत्रण. फाल्गुन-चैत्रात कोणाची विडी पडली की सडाच्या सडा पेटतो. गवत घरी गेलेले असेल तर वणव्याला जाळायला काही उरत नाही. घाटमाथ्यावर दसरा-दिवाळीनंतर गवत कापून गंजी रचण्याची जी जुनी रीत आहे, तिच्यात हे सगळे आपोआप साधत होते. गावातल्या कोणत्याही जाणत्या माणसाला विचारा, तो म्हणेल, "जनावर फिरलं तरच माळ मोकळा राहतोय." शास्त्रज्ञ तेच सांगतात, फक्त जड भाषेत.

चराई वाटेल तशी असावी, असे यातून कोणी काढू नये. ऐन फुलोऱ्यात शंभर गुरांचा कळप ओल्या मातीवर रोज नाचवला तर तिथे चिखलाशिवाय काही उरणार नाही. इंग्लंडमधली रीत चालली ती कुरण बंद ठेवण्याचे आणि उघडण्याचे दिवस ठरलेले होते म्हणून.

कुंपण काढून अर्धेच काम झाले आहे, हा माझा मुख्य मुद्दा आहे. जाळी निघाली, पण आत सोडायला गुरे कुठे आहेत? जावळी, पाटण, साताऱ्याच्या डोंगरी भागातली तरणी माणसे कधीची मुंबईला माथाडीत नाहीतर पुण्याला कारखान्यात. घरी म्हातारा-म्हातारी. ज्या गोठ्यात पूर्वी आठ-दहा डोंगरी गुरे होती तिथे आता एखादी म्हैस, नाहीतर दावणीला बांधलेली संकरित गाय, जी सड्यावर चढत नाही आणि चढली तरी तिचे भागत नाही. गुराखी पोरगा आता शाळेत जातो, आणि गेलाच पाहिजे. गवत कापायला मजूर लावला तर मजुरीच वैरणीच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणजे ज्या कामाने फुले टिकली ते काम आता फुकट होणार नाही. त्याचे दाम कोणीतरी द्यावे लागेल.

ते दाम फुलांनीच द्यावे, हे उघड आहे. कासला कास, आटाळी, एकीव, कासाणी या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांमार्फत पर्यटकांकडून शुल्क घेतले जाते. ते पैसे रखवालदार, सफाई, वाहनतळ यांवर खर्च होतात, आणि ते खर्च लागतातच. पण त्यांतला एक ठरलेला हिस्सा 'गवतकापणी आणि चराई' या नावाने वेगळा काढला पाहिजे. जो शेतकरी सड्यावरचे गवत ठरल्या वेळी कापून खाली नेईल त्याला मजुरीची भरपाई, वर गवत त्याचेच. जो ठरल्या महिन्यांत गुरे वर नेईल त्याला गुरामागे काही रक्कम. यात भीक नाही की अनुदान नाही, कामाची मजुरी आहे. माळी ठेवला तर त्याला पगार देतोच ना? इथे माळी चार पायांचा आहे एवढेच.

इतर सड्यांवर तर शुल्कही नाही आणि समितीही नाही. चाळकेवाडी, सडावाघापूर इथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्यांच्यासाठी रस्ते झाले, आता त्याच रस्त्यांनी पर्यटक येतात. कोल्हापूर जिल्ह्यात कितीतरी सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी सह्याद्रीच्या आणि कोकणच्या सड्यांची पाहणी करून हे कातळ म्हणजे ओसाड नव्हेत, असे पुन्हा पुन्हा लिहिले आहे. तरीही सरकारी कागदावर सडा म्हणजे पडीक, आणि पडीक म्हटले की कोणाला तरी तिथे काहीतरी सुधारणा करावीशी वाटते.

या सुधारणांचीच मला जास्त भीती वाटते. २०१६ ते २०१९ या चार पावसाळ्यांत राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली, शेवटच्या वर्षाचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. झाडे लावण्याला कोणाचा विरोध नाही. ओढ्याकाठी लावा, बांधावर लावा, उघड्या पडलेल्या उतारावर लावा. पण उद्दिष्ट भरायचे म्हणून मोकळ्या सड्यावर कातळात खड्डे पाडून, खालून माती आणून, शेणखत घालून रोपे लावणे म्हणजे दोन्हीकडून नुकसान. रोपे बहुतेक उन्हाळ्यात जळतात, आणि खड्ड्यातल्या खतावर जे तण माजते ते मागे राहते. ग्रामपंचायतीने लागवडीसाठी जागा सुचवताना गटाचा उतारा पाहावा, पण त्याआधी एकदा भाद्रपदात त्या जागेवर स्वतः जाऊन यावे. फुले दिसली तर ती जागा यादीतून काढावी.

दुसरी सुधारणा बियाण्याच्या पाकिटांची. शहरातल्या हौशी मंडळींना वाटते, माळ उजाड आहे, चला बी टाकू. पावसाळ्यात हे लोक पिशव्या घेऊन येतात. त्या पिशवीत बरेचदा पिवळा-केशरी कॉसमॉस असतो. दिसायला देखणा, पण परदेशी, बागेतून सुटलेला, आणि एकदा शिरला की फैलावतो. गाजर गवताने आपले काय केले हे शेतकऱ्याला सांगायला नको. घाणेरी आणि रानमोडी डोंगर कसे गिळतात तेही आपण रोज पाहतो. आता तिसरा पाहुणा आपल्या हाताने बोलावू नका. एखाद्या जागी रस्त्याच्या कामाने सडा उखडला गेला असेल आणि तिथे पुन्हा फुले आणायची असतील, तर शेजारच्या चांगल्या तुकड्यावरचे गवत बी पिकल्यावर कापावे आणि ते त्या उघड्या जागी पसरावे, चार दिवसांनी झटकून उचलावे. बी तिथेच झडते. हे बी त्याच मातीतले, त्याच पावसाचे. बाहेरची माती आणि खत टाकू नये. याला बियाण्याचा खर्च शून्य आहे, बहुधा म्हणूनच त्याची योजना कधी निघाली नाही!

आता कायद्याचे. जिथे जमीन वनखात्याची आहे तिथे "आम्हाला विचारतो कोण" असे गावकरी म्हणतात. पण २००६ च्या वनहक्क कायद्यात चराईचा सामूहिक हक्क स्पष्ट लिहिलेला आहे, आणि गावाच्या सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाने तो २००९ साली मिळवला. आदिवासी नसलेल्या गावांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा रहिवास आणि वनावरचे अवलंबन दाखवावे लागते. हे सोपे नाही, कागद जमवावे लागतात. पण आपल्या डोंगरी गावांत जुन्या पावत्या, चराईच्या नोंदी, वयस्कर माणसांचे जबाब मिळू शकतात. ग्रामसेवकांनी हे काम हातात घेतले तर गाव त्यांचे नाव काढील. दावा मंजूर होईतो वनरक्षक आणि वनपाल यांच्याशी बसून संयुक्त समितीच्या सूक्ष्म आराखड्यातच चराईचे महिने लिहून घ्यावेत. तोंडी परवानगीवर राहू नये. साहेब बदलला की तोंडी परवानगीही त्याच्याबरोबर बदलून जाते.

महिने कोणते असावेत? माझी सूचना अशी, आणि प्रत्येक गावाने ती आपल्या सड्यानुसार बदलावी. सड्याचे दोन भाग करावेत. आषाढापासून अश्विनापर्यंत एक भाग पूर्ण बंद, दुसऱ्यावर बेताने चराई, पुढच्या वर्षी अदलाबदल. अश्विन सरता सरता, बी झडले की, दोन्हीकडे कापणी, आणि कापलेले गवत आठ दिवसांत खाली. तिथेच गंज रचून वर्षभर ठेवू नये, गंजीखालची जागा कुजून कसदार होते. कार्तिकापासून पुढे दोन्ही भाग गुरांना मोकळे. टोपली कारवीच्या झुडपांना विळा लावू नये. ती सात वर्षांनी एकदा फुलते आणि बी धरून मरते. सहाव्या वर्षी कापली तर सगळेच गेले.

मधाचा धंदा करणाऱ्यांनी तर कारवीकडे आणि सोनकीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे २०२२ साली मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. मध पेटीत तयार होत नाही, माळावर तयार होतो. सड्यावरची फुले विरळ झाली तर पेट्या वाटून उपयोग काय?

चराई बरोबर आहे की जास्त होते आहे, हे कळायला बाहेरचा तज्ज्ञ हवाच असे नाही. बांबूच्या काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट करावी. सड्यावर दहा जागा खुणेचे दगड ठेवून ठरवाव्यात. त्यांतल्या दोन जागांभोवती, दहा-दहा पावलांचे, काटेरी कुंपण मुद्दाम ठेवावे, म्हणजे गुरे न गेलेला तुकडा शेजारी तुलनेला राहील. दर वर्षी गणपतीच्या विसर्जनानंतर शाळेच्या मुलांनी आणि गुरुजींनी जाऊन प्रत्येक चौकटीत किती प्रकारची फुले आहेत आणि गवत किती वीत उंच आहे ते वहीत लिहावे. नावे येत नसली तरी चालतील, प्रकार मोजता आले म्हणजे झाले. ही वही २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे ठेवावी. तो दिवस कापणी ठरवायलाही सोयीचा आहे. कोणाच्या गटात किती माणसे विळा घेऊन येणार, मजुरी कोणत्या रकमेतून द्यायची, गवत उतरवायला ट्रॅक्टर कोणाचा आणि कार्तिकात गुरे पहिल्यांदा कोणत्या वाटेने वर जाणार, हे त्याच सभेत ठरावात लिहून सह्या घ्याव्यात आणि ठरावाची एक प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात देऊन पोच घ्यावी.